आखूड मानेचा बेस

कारेगाव, १० नोव्हेंबर २०२४

अहो,

खुशाल आहात का, असं विचारून सुरुवात करायची असते. तुम्ही खुशाल असता तर भैरूमामांच्या मेंढरांमागं कोकणात उतरला नसता, म्हणून विचारत नाही. तुमचा फोन कपाटात माझ्या साड्यांखाली सापडला, बंद केलेला. "तिकडं रेंज नसती" असं तुम्ही आईंना सांगितलंत. आईंनी मानलं. मी मानलं नाही, पण घरात दोघीच उरलो आहोत, भांडायचं कुणाशी?

मामांचा पप्पू मंगळवारी मेंढरांचं औषध आणि पीठ घेऊन तळावर निघालाय. त्याच्याजवळ हे पत्र देतेय.

मुद्द्याचं सांगते. मी बेस घेतला. आखूड मानेचा.

रागावू नका, आधी ऐकून घ्या. गणपतीत तुम्ही जयसिंगच्या बँजो पार्टीचा बेस गिटार मांडीवर घेऊन बसला होतात. कंपनीत प्रेसखाली डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं अर्धं बोट जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. उरलेली बोटं त्या लांब मानेवर ताणून ताणून बघत होतात. मी भाजी निवडत होते. माझ्याकडे पाठ करून तुम्ही म्हणालात, "चार इंच मान आखूड असती ना, तर दोन बोटांत भागलं असतं." मग बेस जयसिंगकडे परत पाठवलात आणि पुन्हा त्या विषयावर बोलला नाहीत. दिवाळी झाली, भाऊबीज झाली, आणि तुम्ही काठी घेऊन निघालात. वरात आली की ज्याच्या बेसनं घरांच्या काचा थरथरायच्या तो माणूस मेंढरं वळायला गेला. तुम्ही विषय सोडून दिलात. मी कंपनीत क्वालिटीला, मापं तपासायचं काम करते. चार इंच कमी पाहिजेत म्हटल्यावर ते कुठं मिळतात हे बघितल्याशिवाय मला राहवत नाही.

लाईनवरच्या मुलींनी फोनवर शोधून दिला. दौंडला सोजराबाई म्हणून आहेत, त्यांचे मालक रेल्वेत ड्रायव्हर होते. तरुणपणी रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये नाचगाण्याच्या कार्यक्रमात बेस वाजवायचे. ते गेले, आणि बेस कपाटावर चादरीत गुंडाळून राहिला. जपानी आहे म्हणतात, साठ वर्षांपूर्वीचा. नावाची पट्टी निघून गेलीय, लाल रंग कडेला काळा पडलाय. आम्ही दोघी त्याच्यासमोर नुसत्या उभ्या राहिलो. त्याला धरायचं कुठं हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. सोजराबाई म्हणाल्या, "ह्यांनी मला कंदी हात लावू दिला न्हाई. तुम्हीच उचला बया." मी उचलला तर तान्ह्या पोरासारखी मान एकीकडे कलली. त्यांनी चटकन खालून हात लावला आणि मग डोळ्यांना पदर लावला.  वाजवणारा चांगला आहे, एवढंच मी म्हणाले.

येताना एसटीत वरवंडपर्यंत उभी होते. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, ह्ये वाजवून दावा, मंग सीट देतो." चौफुल्याला उतरले, शिरूरची गाडी धरली. घरी आल्यावर आईंनी बेसवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला.

नुसता बघायला या. वाजवायचा की नाही ते नंतर ठरवा.

प्रतिभा


कारेगाव, २४ नोव्हेंबर

अहो,

पप्पू तुमचं पत्र आणेल म्हणून मी रविवारी भांडीसुद्धा उशिरा घासली. तो आला आणि रिकाम्या हातानं चहा पिऊन गेला. "भाऊ वाचतोय वैनी," म्हणाला, "वाचतोय आन् घडी घालून खिशात ठिवतोय." एवढं तरी करताय.

इकडे मी एक घोळ घातलाय. बेसवरच्या तारा गंजून काळ्या झाल्या होत्या. मी पुण्याहून नव्या मागवल्या. बेसच्या तारा म्हणजे बेसच्या तारा, त्यात काय बघायचं? आल्या त्या लांब मानेच्या. तार वरच्या खुंटीजवळ बारीक व्हायला हवी, तेव्हा कुठे ती खुंटीला वेढे घेते. या तारांचा जाड भागच खुंटीपर्यंत पोचला. माझ्या नोकरीत मी पोरांना असल्याच चुकीबद्दल बोलते, की भाग बसवायच्या आधी माप बघा. तरीही मी पक्कड घेऊन जोर लावला. एक तार कापली तर तिचं वेटोळं सुटून हातात आलं.

मग शिरूरला पेटी दुरुस्त करतात त्यांच्याकडे नेला. ते म्हणाले, "ताई, भात्याचं काय बी करतो, ह्यातलं मला कळत न्हाई." पण मी इतकं तोंड पाडलं असेल की त्यांना नाही म्हणवेना. त्यांनी तारा कशाबशा चढवून दिल्या आणि करकचून ताणल्या. घरी आणून भिंतीला उभा केला. सकाळी बघते तर मान पुढे वाकलेली, तारा मानेपासून बोटभर वर.

आई म्हणाल्या, "येरंडाचं त्याल चोळू का? मेंढराची मान धरली की चोळत्यात."

मी हसले, आणि हसता हसता रडायलाच लागले. कुणाला विचारू? सगळ्या शिरूर तालुक्यात मला माहीत असलेला एकच माणूस आहे, ज्याला हे कळतं. तो कोकणात कुठल्या तरी माळावर बसलाय आणि माझी पत्रं खिशात ठेवतोय.

तारा सैल करून ठेवल्यात. एवढं तरी बरोबर केलं का, तेवढं पप्पूजवळ सांगा. हो किंवा नाही. एक शब्द.

प्रतिभा


कारेगाव, १ डिसेंबर

अहो,

तुमचा एक शब्द पोचला. पप्पूनं दारातूनच सांगितलं, "व्हय म्हनला." मी त्याला आत बोलावून पुन्हा विचारलं, कसं म्हणाला, काय करत होता म्हणताना. तो म्हणाला, "कोकराला दूध पाजीत हुता, मान वर न करता म्हनला." माझे दोन दिवस त्या एका 'व्हय'वर गेले.

आखूड मानेच्या तारा आल्या. या वेळी माप तीनदा वाचलं. मानेच्या आत लोखंडी सळई असते, तिचा नट आवळला की मान मागे येते, हे फोनवर बघून शिकले. एका वेळी पाव फेरा आवळायचा, मग दिवसभर लाकडाला सवय होऊ द्यायची, मग परत बघायचं. कंपनीतून फिलर गेज मागून आणलंय, तीच पातळ पात्यांची जुडी, जी घालून आम्ही फट मोजतो. रोज ड्यूटीवरून आले की तार आणि मानेवरची आडवी पितळी पट्टी यांच्यामध्ये पातं सरकवते. आई शेजारी बसतात आणि विचारतात, "आज किती उतरली?" ताप उतरला का विचारावा तसं. मी सांगते, उतरतेय, पण हळू.

तुमच्या दोन बोटांना दाबायला जोर लागू नये म्हणून तारा शक्य तितक्या खाली घेतेय. फार खाली आल्या की पट्ट्यांवर खरखरतात, मग परत वर. कुठं थांबायचं हे तुमचं बोट लागल्याशिवाय मला कळणार नाही. तोवर अंदाजानं.

परवा गावात वरात होती. जयसिंगची पार्टी होती. मी कोपऱ्यावरून बघितली. जयसिंगनं तुमची चौकशी केली, बरा आहे म्हटलं. बाकी विशेष काही नाही.

कांद्याची रोपं वाया गेलीत म्हणून वडगाव रासाईहून चुलत सासऱ्यांचा निरोप होता. तोही कळवते, नाहीतर मला दुसरं काही सुचत नाही असं वाटेल.

प्रतिभा


कारेगाव, ९ डिसेंबर

अहो,

हे पत्र आईंना वाचून दाखवू नका, म्हणजे तुम्ही तिथून कसं दाखवाल म्हणा. माझं डोकं ठिकाणावर नाही.

चंपाषष्ठीला मी पहिल्या शिफ्टला होते. घरात खंडोबाची तळी भरायची होती ती आईंनी शेजारच्या माणसांना बोलावून भरली. इथपर्यंत ठीक. पण घरात नवी वस्तू आलीय, तिला देवासमोर न्यायला नको? नवा ट्रॅक्टर आला, नवी मोटार आली की आपल्यात काय करतात ते तुम्हाला ठाऊक आहे. आईंनी बेस पाटावर आडवा ठेवला, तांब्यानं पाणी घालून धुतला, पुसला, कुंकू लावलं आणि येळकोट म्हणत त्याच्यावर ओंजळभर भंडारा उधळला. तारांखाली जिथून आवाज उचलला जातो त्या चुंबकाच्या डब्या पिवळ्या. आवाज कमीजास्त करायचं बटण पिवळं, आणि बटणाखाली भंडाऱ्याचा चिखल. मी आले, वायर जोडली, स्पीकर लावला. खर्र झालं, आणि मग काहीच नाही.

मी आईंना बोलू नये ते बोलले. म्हटलं, आयुष्यात एक वस्तू मी त्यांच्यासाठी आणली, तीही तुम्ही धुऊन टाकलीत.  त्या रात्री जेवल्या नाहीत.

काल सकाळी उठून बघते तर त्या खिडकीपाशी बेस मांडीवर घेऊन बसलेल्या, चष्मा नाकावर, आणि साडीला लावायच्या पिनेनं डब्यांच्या कडेचा भंडारा कणाकणानं काढत होत्या. मला म्हणाल्या, "मला काय ठावं गं? म्या देवाला म्हनले, माझ्या लेकराचा हात ह्याला लागू दे. येवढंच म्हनले." मग आम्ही दोघी त्या पिवळ्या बेसच्या दोन बाजूंना बसून राहिलो. मी त्यांना चहा दिला. माफी मागायला तोंड उघडलं तर त्या म्हणाल्या, "धर, तू हिकडनं कोर."

आता काय करू सांगा. मेंटेनन्समधल्या एकाकडून विजेच्या तारांचे सांधे साफ करायचा फवारा मिळतोय. तो मारून बघते. त्यानं नाही झालं तर माझ्याकडे पुढचं काही नाही.

प्रतिभा


कारेगाव, १९ जानेवारी २०२५

अहो,

आवाज आला.

संक्रांतीला बटण पूर्ण उघडून, फवारा मारून, वाळवून परत बसवलं होतं. आज रविवारी धीर करून वायर जोडली. जाड तार ओढली आणि खालची फरशी हादरली. आई ताटातल्या भाकरीवर हात ठेवून थांबल्या. मग म्हणाल्या, "म्हशीवानी हंबरतंय की गं." त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. मीपण हसले. बऱ्याच महिन्यांनी या दोन खोल्यांत कुणी मोठ्यानं हसलं.

आता सांगते ते तुम्हाला वेडेपणा वाटेल. तुमचा हात पुरतो की नाही हे मला बघायचं होतं. म्हणून मी पॅकिंगची चिकटपट्टी घेऊन माझी डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट तळहाताला चिकटवून टाकलं. उरलेल्या बोटांनी खालपासून वरपर्यंत एकेक पट्टी दाबून बघितली. पोचतात. माझा हात तुमच्यापेक्षा लहान, तरी पोचतात. मनगट दुखतं, पण पोचतात. आई बघत होत्या. मी चिकटपट्टी सोडवायला लागले तर म्हणाल्या, "त्येला बी आसंच दुकत आसंल का?"  पट्टी निघताना कातडं ओढलं गेलं आणि मी तेच निमित्त करून डोळे पुसले.

त्या दोन बोटांनी तुम्ही मला कधी हात लावला नाहीत. अपघातानंतर डावा हात नेहमी खिशात. जेवतानाही मांडीखाली. मला वाटत राहिलं, हा हात एकदा त्या मानेवर बसला, वाजता झाला, की खिशातून बाहेर येईल. म्हणून हा सगळा उपद्व्याप. हे याआधी लिहायला हवं होतं, पण तारांचं लिहिणं सोपं होतं.

बेस तयार आहे. पट्ट्या, तारा, आवाज, सगळं. डब्यांच्या कडेला थोडा पिवळेपणा राहिलाय, तो आता निघत नाही. तुम्ही या आणि वाजवा. लग्नसराई अजून आहे.

प्रतिभा


कारेगाव, १६ फेब्रुवारी

अहो,

गुरुवारी तुम्ही हात दाखवायला पुण्याच्या हॉस्पिटलात आला होतात, आणि तिथून एसटीनं घरी. दुपारी. मी ड्यूटीवर असणार हे तुम्हाला माहीत होतं. माझी शिफ्ट सुटायच्या आत परत गेलात.

आईंना तुम्ही सांगू नकोस म्हणालात. मी चपला काढायच्या आत त्यांनी सगळं सांगितलं. उंबऱ्यातच बसल्या होत्या, मी कधी येते त्याची वाट बघत. त्यांच्याच शब्दांत लिहिते, कारण माझे पुरत नाहीत:

"आला. हातपाय धुतलं, भाकर खाल्ली. वाळलाय गं. मंग म्हनला, आये, कुठंय त्ये? म्या दिलं. लई येळ नुसताच बगत बसला. मंग लावलं आन् वाजीवलं. डावा हात भायेर काढला, म्या पैल्यांदा बगितला उघडा. गानं कुठलं त्ये मला काय कळलं न्हाई, पन वाजीवत हुता. म्या म्हनले, माऊली, बोटं पोचत्यात का? म्हनला, पोचत्यात. लई बेताचं लावलंय म्हनला. तवा म्या म्हनले, मंग आता जा की जयसिंगकडं. तर म्हनला, आये, जयसिंगनं दिवाळीच्या आदीच सांगितलंय. कीबोर्डवाला डाव्या हातानं बेस वाजीवतो, आता त्येला येगळा मानूस लागत न्हाई. प्रतिभाला सांगू नगंस म्हनला. तिनं लई जीव लावून केलंय."

मी आत जाऊन खाटेवर बसले. पिशवीसुद्धा खांद्यावरच होती.

आता माझं ऐका. एक डिसेंबरच्या पत्रात मी वरातीचं दोन ओळींत उरकलं होतं. त्या वरातीत मी टेम्पोवर तुमची जागा शोधली. तिथं स्पीकरचं खोकं होतं. कीबोर्डवाला पोरगा उजव्या हातानं गाणं वाजवत होता आणि डाव्या हातानं बेस, कुठंही चुकत नव्हता. जयसिंग मला बाजूला घेऊन म्हणाला, "वैनी, माऊलीला म्या सांगायचं तर कसं सांगू? मशिनवरच भागतंय आता. त्येच्या हाताचा काय संबंध न्हाई, हात चांगला आसता तरी ह्येच झालं आसतं." मी म्हटलं, मी सांगेन. तुम्हाला आधीच सांगून झालंय हे त्यानं मला सांगितलं नाही, का सांगितलं नाही ते त्यालाच विचारा. आणि मी घरी येऊन नट पाव फेरा आवळला. तुम्हाला लिहिलं, बाकी विशेष काही नाही.

म्हणजे तुम्हाला दिवाळीच्या आधीपासून माहीत होतं. मला नोव्हेंबरच्या शेवटापासून. तुम्ही माझी पत्रं वाचत होतात, तारा, मान, भंडारा, सगळं, आणि तिकडं मान खाली घालून 'व्हय' म्हणत होतात, माझं मन मोडू नये म्हणून. मी इकडं पाती सरकवत होते, तुमचं मन मोडू नये म्हणून. दोघांनी मिळून एक बेस नीट केला, ज्याला वाजवायला कुठं जागा नाही.

मला राग आला होता. दोन दिवस कुणावर काढावा ते ठरलं नाही. तुमच्यावर काढला तर तो माझ्यावरच येतो. जयसिंगवर काढावा तर त्याचंही पोट आहे. कीबोर्डवाल्या पोराचं तर मिसरूड फुटलेलं नाही. शेवटी राग होता तिथेच राहिला आणि मी आज कपडे धुतले.

आईंनी विचारलं, गाणं कुठलं होतं गं ते? मी म्हटलं, आई, त्यात गाणं नसतं. गाणं दुसरे वाजवतात, हा त्यांच्याबरोबर चालतो. दुसरे नसले तर? त्या म्हणाल्या. 

मला खरंच काहीच माहीत नाही आता. आत्तापर्यंत रोज काहीतरी हातात होतं. तार चढवायची, फट मोजायची, चिखल कोरायचा. आता नीट करायला काही उरलेलं नाही आणि जे उरलंय त्याला कुठलं गेज लागत नाही. कंपनी तुम्हाला परत प्रेसवर घेणार नाही. पार्टीला माणूस नको. मामांची मेंढरं ज्येष्ठात परत येतील आणि मग तीही मामांचीच. तुम्ही इथं आलात तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय कराल, याचं उत्तर माझ्याकडे नाही. आधी होतं असं वाटत होतं.

इतकी पत्रं लिहिली ती सगळी बेससाठी होती. या पत्रात नुसतं बोलावतेय. वाजवू नका, हवं तर. कामही शोधू नका इतक्यात. तुम्ही त्याला उघडा हात लावलात, आईंना दाखवलात. मी तो अजून बघितलेला नाही.

पप्पू उद्या निघतोय. आलात तर रविवार बघून या, किंवा शिफ्ट बदलून घेते, कळवा. पण या वेळी मी घरी असताना या.

प्रतिभा